तुम्ही विचारलंत म्हणून: खुबा बदलूनच का नाही घेतला?

लग्नात, ऑफिसात, लिफ्टमध्ये कुणी माझी चाल पाहिली की हा प्रश्न येतोच. "एवढं हाड कापून घेतलंस, महिनोन्महिने घरी बसलीस, त्यापेक्षा सांधा बदलूनच का नाही घेतलास? आमच्या मावशी तिसऱ्या दिवशी चालायला लागल्या." मावशी सत्तरीच्या असतात. मी 31 वर्षांची होते. खरं तर अर्धं उत्तर इथेच संपतं, पण ते कुणाला पुरत नाही. म्हणून एकदा नीट लिहिते.

माझ्या उजव्या खुब्याची वाटी जन्मापासून उथळ. मांडीच्या हाडाचा गोळा वाटीने किती झाकलाय ते एक्स-रेवर कोन काढून मोजतात. 25 अंशांच्या वर असला तर ठीक, 20च्या खाली म्हणजे वाटी उथळ. माझा 20च्या बराच खाली होता. सगळा भार वाटीच्या काठावर पडून काठ फाटत चालला होता, पण आतली कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरचं गुळगुळीत अस्तर, शाबूत होती. माझा निर्णय या शेवटच्या गोष्टीवर उभा आहे. कूर्चा गेली असती तर मीही सांधा बदलून घेतला असता.

कूर्चा चांगली असेल तर वाटीच फिरवून गोळ्यावर नीट आणायची, हे ऑपरेशन स्वित्झर्लंडमध्ये बर्नला राइनहोल्ड गांझ यांनी 1984 मध्ये सुरू केलं. पेरिअॅसिटॅब्युलर ऑस्टिओटॉमी, थोडक्यात पीएओ. वाटीभोवतीचं हाड कापून ती सुटी करतात, फिरवतात आणि स्क्रूंनी पक्की करतात. वाटीमागचा हाडाचा खांब अखंड ठेवतात, त्यामुळे कमरेच्या हाडांचं कडं तुटत नाही.

नेटवरचे आकडे माझ्यापुढे धरणारेही भेटतात. आकडे खरे आहेत. गांझ यांच्या पहिल्या 75 खुब्यांपैकी 20 वर्षांनी 60 टक्के टिकले होते, 30 वर्षांच्या पाहणीत ते प्रमाण 29 टक्क्यांवर आलं. उलट 2019 मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या अभ्यासात कृत्रिम खुबे 25 वर्षांनीही 58 टक्के टिकलेले. मग? मग हे की त्या 75 खुब्यांत आधीच झिजलेलेही होते. वय कमी आणि कूर्चा चांगली असेल तर निकाल बरे येतात. आणि माझा खुबा पन्नाशीत गेला तर मला पहिला कृत्रिम सांधा बसेल. एकतिशीत बसवलेला तेव्हा गेला असता तर दुसरा बसवावा लागला असता, पुढे कदाचित तिसरा, आणि दर वेळी हाड कमी होत जातं.

हे सगळं मला ऑपरेशनच्या आधी पाठ होतं. त्या रात्री त्यातलं काही कामाला आलं नाही.

ऑपरेशननंतर पाय उचलत नाही. दुखतो म्हणून नव्हे, मांडी ऐकतच नाही. मी ओढणीचा फास करून पावलात अडकवायचे आणि दोन्ही हातांनी ओढून पाय पलंगाखाली उतरवायचे. मग वॉकर, त्या पायावर भार न टाकता. एका रात्री लघवीला उठायचं होतं आणि ओढणी खाली पडलेली. वाकायला बंदी. आई आदल्या रात्रीपासून जागी होती, आत्ता कुठे तिचा डोळा लागलेला. मी हाक मारली नाही. ओढणीचं टोक डाव्या पायाच्या बोटांत धरायला बघत राहिले. दोनदा आलं, दोनदा सुटलं. मग चादर ओली झाली.

आई उठली. तिने दिवा लावला, मला कुशीवर न वळवता चादर कशी काढायची ते ती एव्हाना शिकली होती. मी म्हणाले, "बदलूनच घ्यायला हवा होता." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तू पायाळू. कुणाला उसण भरली की गावातली माणसं तुझा पाय पाठीला लावायला घेऊन जायची. मी हौसेने पाठवायचे. तुझेच पाय कुणी तपासले नाहीत गं."

पायाळू बाळांना वाटी उथळ राहण्याचा धोका जास्त असतो, हे आम्हा दोघींना एक्स-रेनंतर कळलं. आता लोक तिलाही विचारतात, "लहानपणी लक्षात कसं नाही आलं?" कसं येणार? लहानपणी मी लंगडत नव्हते. ऑस्ट्रियात ग्राफ यांनी 1980 मध्ये बाळाच्या खुब्याची सोनोग्राफी सुरू केली होती, पण आमच्या वाळव्याकडच्या गावात तेव्हा सोनोग्राफीच नव्हती. आईला हा प्रश्न विचारणं बंद करा. विचारायचाच असेल तर आज ज्यांच्या घरी पायाळू बाळ जन्मलंय त्यांना विचारा, सहाव्या आठवड्यात सोनोग्राफी केली का. माझ्या भाचीची केली, कारण घरात हा दोष आहे. सहा महिन्यांच्या आत सापडलं तर बहुतेक वेळा पाव्हलिक हार्नेसच्या, म्हणजे बाळाचे पाय फाकवून धरणाऱ्या, पट्ट्यांवर भागतं. दुपट्यात पाय सरळ करून घट्ट बांधू नका. कडेवर खुशाल घ्या, पाय फाकलेलेच चांगले.

त्या रात्रीचं माझं बोलणं थकव्यातून आलं होतं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. आता तेवढी खात्री नाही. मांडी घालून बसता येतं, जिना चढते, काठाची ती कळ गेली. पण मांडीचा बाहेरचा एक तळहाताएवढा भाग अजून बधिर आहे, आणि दिवसभर उभं राहिलं की चाल बिघडतेच. सांधा बदलला असता तर कदाचित ही दोन वर्षं सोपी गेली असती. पुढची वीस कशी गेली असती, ते कोण सांगणार?

डाव्या खुब्याचाही कोन कमीच आहे. दुखत नाही, म्हणून डॉक्टर नुसतं लक्ष ठेवून आहेत. चाळिशीनंतर या ऑपरेशनचे निकाल उतरतात. तो त्यानंतर दुखायला लागला तर मी कदाचित स्वतःच म्हणेन, बदलून द्या.