आठ, बारा, पाच, पाच, एक

आमच्या विज्ञानाच्या बाईंना मज्जासंस्थेचा धडा वेळेत संपवणं कधी जमलंच नाही. पुस्तकात तो जेमतेम चार पानांचा. बाईंचा मात्र दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू व्हायचा आणि संक्रांतीचा तिळगूळ वाटून झाला तरी आम्ही अजून मानेतच! आमची दहावी 1989 ची. बोर्डाची परीक्षा तोंडावर आली म्हणून वर्गातल्या हुशार मंडळींनी कुरकुर केली, तेव्हा बाई म्हणाल्या, "मार्क बोर्ड देईल. मान तुम्हालाच वळवायचीय, जन्मभर."

मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या 12 जोड्या. त्यांची अवघड नावं बाईंनी आधी पाठ करूच दिली नाहीत, नुसते क्रमांक. पहिली वासाची, दुसरी दृष्टीची. तिसरी, चौथी आणि सहावी डोळे फिरवणाऱ्या. पाचवीकडे चेहऱ्याचा स्पर्श आणि घास चावणं, सातवीकडे हावभाव, आठवीकडे ऐकणं आणि तोल. नववी घशाची, अकरावी मान-खांद्याची, बारावी जिभेची. दहावी सगळ्यांत भटकी, मानेतून छातीत आणि तिथून थेट पोटात उतरते, वाटेत हृदयाचा वेगही आवरते. कुणाला ती आठवली नाही की, "दहावीत बसलायस आणि दहावी येत नाही?" हे ठरलेलं. एकेका नसेला बाईंचे प्रश्नही तेच: कुठून निघाली, कोणत्या भोकातून बाहेर पडली, आणि तुटली तर काय थांबेल?

त्याच वर्षी बाईंनी आम्हाला मिरजेला नेलं. मिरज हे दवाखान्यांचं गाव. डॉ. वॉन्लेस यांनी 1894 मध्ये तिथे मिशनचं रुग्णालय सुरू केलं, सरकारी मेडिकल कॉलेज 1962 चं. बाईंनी कुठून कुठून परवानगी मिळवली होती, आणि आम्ही शरीररचनेच्या संग्रहालयात रांगेने शिरलो. फॉर्मॅलिनचा भपका आला. नाक चुरचुरलं, डोळे झोंबले, पाणी यायला लागलं. पोरी ओढणीनं नाक दाबतायत आणि बाईंना आनंद झालेला! "थांबा, पुसू नका. वास कुणी कळवला?" पहिलीनं. "आणि झोंबलं ते?" आम्ही पुन्हा पहिलीच म्हणालो. "नाही. झोंबणं हा वास नव्हे. डोळ्याची आणि नाकाच्या आतली आग पाचवी कळवते. मग पाणी सोडायचा हुकूम घेऊन येते ती सातवी." कांदा चिरताना, मिरचीची फोडणी उठल्यावर घरोघरी रोज हेच चालतं. मी पुढे फिजिओथेरपी शिकले, जाडजाड पुस्तकं वाचली, पण या तीन नसा मला त्या दिवशी जितक्या स्वच्छ कळल्या तितक्या नंतर कुठे कळल्या नाहीत.

तिथल्या एका बरणीत मज्जारज्जू होता. साधारण 45 सेंटिमीटर लांब, करंगळीच्या जाडीचा. तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो, त्याखाली नसांची मुळं घोड्याच्या शेपटीसारखी मोकळी लोंबतात. म्हणूनच पाठीतलं पाणी तपासायला डॉक्टर सुई त्याहून खाली घालतात. 'पाठीत सुई घेतली की माणूस पांगळा होतो' ही भीती आजही माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या घरात आहे.

मज्जारज्जूतून नसांच्या 31 जोड्या निघतात. मानेत आठ, छातीत बारा, कमरेत पाच, माकडहाडाच्या वर पाच, शेवटी एक. 'आठ, बारा, पाच, पाच, एक' हे आम्ही कवायतीच्या तालावर घोकलं. मणके मानेत सातच, मग नसा आठ कशा? पहिली जोडी पहिल्या मणक्याच्या वरूनच निघते, आठवी सातव्याच्या खालून. छातीपासून मग प्रत्येक नस आपापल्या मणक्याखालून. प्रत्येक नसेला दोन मुळं असतात. मागच्या मुळातून संवेदना आत जाते, पुढच्यातून हालचालीचा हुकूम बाहेर पडतो.

आता माझ्याकडे मार्केट यार्डातले हमाल येतात. हळदीचं पोतं उचलताना कमरेत चमक भरली आणि कळ पायात उतरली, ही तक्रार नेहमीची. मी त्यांना आधी टाचांवर चालायला लावते, मग चवड्यांवर. अंगठा वर उचलवत नसेल तर संशय कमरेच्या पाचव्या नसेवर, चवड्यावर उभं राहता येत नसेल तर तिच्या खालच्या नसेवर. एमआरआय होतो, पण नंतर.

तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार आठवतात. सकाळी चहा पिताना ओठाच्या कोपऱ्यातून ओघळला, तोंड वाकडं झालं. 'वारं गेलं' म्हणत घरच्यांनी तेल चोळायला घेतलं होतं. मी म्हटलं, "काका, कपाळाला आठ्या घाला." अर्ध्या कपाळाला पडल्या, अर्धं कोरं. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम मिळतात, म्हणून मेंदूतल्या झटक्यात सहसा आठ्या शाबूत राहतात. इथे कपाळही गेलं होतं, हातापायांत ताकद होती, बोलणं स्वच्छ होतं. म्हणजे सातवी नसच कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यात सुजून दबली असावी. तसंच त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं, कारण स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या 72 तासांतच जास्त. तेही सातवीच म्हणाले. मिटत नसलेल्या डोळ्यात थेंब, रात्री पट्टी, आणि मग माझ्याकडे व्यायाम: गाल फुगवा, शीळ घाला, दात दाखवा. हेच बाईंनी आमच्याकडून वर्गात करून घेतलं होतं आणि नेमके तेव्हाच मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले होते. बाईंनी त्यांनाही गाल फुगवायला सांगितलं. त्यांनी फुगवले!

2005 च्या पुरात प्रयोगशाळेतले जुने तक्ते आणि मेंदूची प्लास्टरची प्रतिकृती गेली. नव्या प्रयोगशाळेसाठी आमची तुकडी सांगाडा देणार आहे, प्लास्टिकचाच, पण सुट्या मणक्यांचा. शाळेला विनंती एवढीच, तो काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवू नका. पोरांना मणके हातात घेऊ देत, भोकांतून सुतळी ओवू देत. एखादा हरवला तर मला कळवा, मिरजेत मिळतो.