पहाटे पावणेसहाची बकुळ

पुण्यात मी पोचले ती चुकीच्या वेळी. सावंतवाडीहून रात्रभर एसटीने येऊन स्वारगेटला उतरले, रिक्षाने प्रभात रोडवर आत्याच्या घरी गेले, चहा घेतला आणि सात वाजता 'चला, बकुळ दाखव' म्हटलं. आत्या हसली. गल्लीच्या टोकाला झाड होतं, पण खाली रस्ता लख्ख झाडलेला. डांबराच्या भेगांत अडकलेली चार-पाच फुलं तेवढी हाती लागली.

"पुण्यात बकुळ हवी तर पावणेसहाला उठायचं," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उठले. झाड अंधारात दिसतही नव्हतं, नुसता वास. मोबाइलच्या उजेडात पाहिलं तर सगळीकडे चांदण्या सांडलेल्या. एकेक फूल नखाएवढं, मळकट पांढरं, कातरलेल्या कडांचं. मधोमध भोक. गळताना पाकळ्या पुंकेसरांसकट अख्ख्या निसटतात आणि स्त्रीकेसर फांदीवरच राहतो, म्हणून हे भोक. ओवायला सुई लागत नाही ती त्यामुळेच. आमच्याकडे ह्याला ओवळां म्हणतात आणि केळीच्या सोपटाच्या धाग्यात ओवतात. आत्याकडे सोपट कुठलं! तिने शिवणाच्या डब्यातलं रीळ काढलं.

झाडलोट करणाऱ्या मावशी आल्या. मी घाईने वेचायला लागले तर म्हणाल्या, "वेचा वेचा, मी त्या टोकाकडून सुरू करते." कालचा माझा राग तिथेच विरला.

खाली पडलेलं फूल देवाला चालत नाही, पण आत्याच्या शास्त्रात प्राजक्त आणि बकुळ ह्यांना सूट आहे. फुलं धुतली मात्र नाहीत. ओली झाली की काळी पडतात म्हणे. अर्धी बाळकृष्णाला गेली, उरलेल्यांचा हार झाला.

ओवता ओवता मी तिला जुना कविसंकेत सांगितला: सुंदर स्त्रीने मद्याची चूळ टाकली की बकुळ फुलते. 'मेघदूता'तल्या यक्षाच्या बागेतही अशोक आणि बकुळ शेजारी आहेत. अशोकाला यक्षाच्या प्रियेच्या डाव्या पायाचा स्पर्श हवा, बकुळीला तिच्या तोंडचं मद्य.

"दारूची चूळ? आमच्या सोसायटीत नाही चालायची," आत्या म्हणाली. "इथली बकुळ टँकरच्या पाण्यावर फुलते."

बकुळ ही चिकूच्या कुळातली. पिकलं फळ नारिंगी-पिवळं, पिठूळ, पण खाल्लं की तोंडाला मिठी बसते. सालही अशीच तुरट, जुन्या दंतमंजनात हमखास असायची. ही माहिती मला पाठ आहे. फळ मात्र लहानपणी एकदाच खाल्लं, पुन्हा हिंमत नाही झाली.

संध्याकाळी मंडईजवळ फुलवाल्यांकडे चौकशी केली. मोगरा होता, जुई होती, निशिगंध ढिगाने. बकुळ? "ती कोण वेचत बसणार, ताई?"

निघताना आत्याने कपाट उघडलं. पैठणीच्या घडीतून गेल्या वर्षीचा हार काढला, चहाच्या रंगाचा, कुरकुरीत. त्या जागी आजचा ठेवला आणि जुना माझ्या हातात दिला. मी तो पर्समध्ये पैशांच्या कप्प्यात सरकवला.

स्वारगेटला गाडी सुटली. कंडक्टरला पाचशेची नोट दिली. त्याने ती घेतली, नाकाजवळ नेली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ओवळां?"

तो आमच्याकडचाच निघाला.