हाताला दिसायला लागलं तेव्हा

पशुवैद्यकाच्या पदवीचं पहिलं वर्ष शरीररचनेतच गेलं. कुत्र्याचे दात 42, मांजराचे 30, घोड्याला पित्ताशयच नाही, गाईच्या पोटाचे चार कप्पे. पाठांतराचं मला वावडं नव्हतं. फक्त तोंडी परीक्षेत हातावर एक हाड ठेवून "कुणाचं? डावं की उजवं?" असं विचारलं की घाम फुटायचा. औषधशास्त्रातलं एक मात्र कायमचं बसलं: माणसाला चालणारं पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेतं.

माझं घोडं अडलं ते गाभण तपासणीत. खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा हातमोजा चढवायचा, गुदद्वारातून हात घालून आधी शेण काढायचं आणि मग आतड्याच्या भिंतीआडून गर्भाशय चाचपायचं. सगळं आंधळ्यासारखं. त्यात गाय कुंथली की आतडं हाताला असं आवळतं, की बोटं बधिर होतात. सर विचारायचे, "गर्भाशयमुख लागलं का?" मी म्हणायचे, "हो सर." साफ खोटं. पुढे कळलं, आमच्या तुकडीत बहुतेक सगळेच हे बोलत होते.

एका मॅडमच्या ते लक्षात आलं. त्या म्हणाल्या, "उद्या अशीच मालकाला गाय रिकामी आहे सांगशील आणि तो तिला विकून मोकळा होईल. पोटात वासरू असताना."

त्या दिवसापासून मी "नाही लागलं" म्हणायला लागले. मॅडमही मग घाई करेनाशा झाल्या. आधी कमरेच्या हाडाची कड शोध, तिच्या आसपास गर्भाशयमुखाची कडक नळी सापडेल, तिच्यावरून पुढे सरक, गर्भाशयाची दोन्ही शिंगं, म्हणजे त्याचे दोन फाटे, तोलून बघ. एक शिंग फुगलेलं, आत पाणी डुचमळतंय असं वाटलं, तर ते चिमटीत हलकेच धरायचं. हलकेच, कारण जोर केला तर गर्भालाच इजा. आतली पिशवी बोटांतून निसटते, मागाहून बाहेरची भिंत सुटते. पुस्तकात हे एका ओळीत होतं. मला किती गाई लागल्या, मोजायचं सोडून दिलं होतं.

आंतरवासितेत एका सकाळी ते निसटणं बोटांना कळलं. मी तशीच थांबले.

"किती दिवस?" मॅडम.

"साठ... पासष्ट?"

त्यांनी स्वतः हात घालून पाहिलं, काही न बोलता बाहेर काढला, गाभणकाळाच्या 280 दिवसांचा हिशेब केला आणि मालकाला विण्याचा महिना सांगितला.