उष्टावणाची खीर आणि आजींचं कूट

दुपारी साडेबाराला रामबागेतल्या माझ्या दवाखान्यात एक मामा बाळाला उचलून थेट आतच आला. त्याच्या हातात खिरीने माखलेली सोन्याची अंगठी तशीच होती. सहा महिन्यांची मुलगी, आज उष्टावण, तांदळाच्या खिरीचे जेमतेम दोन घास. पाच मिनिटांत ओठांभोवती गांधी उठल्या, मग अंगभर. दोन उलट्या झाल्या होत्या आणि आता ती खोकत होती.

नुसत्या गांधी असत्या तर तोंडाने औषध देऊन लक्ष ठेवलं असतं. पण उलट्या आणि खोकला जोडीला आला की वाट बघायची नसते. वजन ७.५ किलो, म्हणून तीव्र अ‍ॅलर्जी आवरणारं इंजेक्शन, अ‍ॅड्रिनलिन ०.०७५ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. थोड्या वेळात श्वास मोकळा झाला. तरी रात्रभर हॉस्पिटलमध्ये ठेवलं, कारण असा त्रास काही तासांनी पुन्हा उफाळू शकतो.

दोन दिवसांनी सगळे पुन्हा आले तेव्हा मी तिची त्वचा नीट पाहिली. गाल, कोपर, गुडघ्यांमागे एक्झिमा, म्हणजे कोरडी, खाजरी, लालसर त्वचा. दुसऱ्या महिन्यापासूनचा, भेगाळलेला. अंघोळीला काय लावता, असं विचारलं. आजी म्हणाल्या, "डाळीचं पीठ आणि साय. आमच्या घरच्या सगळ्या पोरांना मी हेच लावलंय."

फाटक्या त्वचेतून दुधाचं प्रथिन आत शिरलं, तर शरीर त्याला परकं समजून त्याच्याविरुद्ध तयारी करू शकतं. तेच आधी तोंडावाटे, पोटात गेलं तर बहुतेकदा सवय होते. या बाळाच्या बाबतीत सायीनेच घात केला, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आजींचे डोळे भरले होते. "आजी, एक्झिमा तुमच्यामुळे झालेला नाही," मी म्हणाले, "पण आता साय नको, पीठही नको. अंघोळीनंतर साधं मलम, दिवसातून दोनदा."

चाचणीत दुधाची अ‍ॅलर्जी स्पष्ट आली. आईचं दूध चालू ठेवलं. गाईचं दूध, दही, पनीर बंद. मग आजी म्हणाल्या, "मॅडम, आता तीन वर्षं शेंगदाणा, तीळ कशाचं नावही काढत नाही."

मला याचीच भीती होती. कारण एके काळी मीही हाच सल्ला देत असे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली अ‍ॅलर्जीचा धोका जास्त असलेल्या बाळांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका असं सांगितलं होतं. २००८ मध्ये तो सल्ला मागे घेतला गेला. २०१५ मध्ये लंडनमध्ये गिडिअन लॅक यांच्या गटाने ६४० बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली ही बाळं. सुरुवातीची शेंगदाण्याची चाचणी निगेटिव्ह असलेल्यांपैकी ज्यांना शेंगदाणा टाळायला सांगितला, त्यांच्यात पाचव्या वर्षी १३.७ टक्क्यांना अ‍ॅलर्जी होती. ज्यांना नियमित खाऊ घातला, त्यांच्यात १.९ टक्के.

आणि आपल्या घरात दाण्याचं कूट कुठे नसतं? खिचडीत, कोशिंबिरीत, ओट्यावर, आजींच्या बोटांना. या मुलीच्या गालांना ते लागणारच. मग तोंडानेच आधी का जाऊ नये?

शेंगदाण्याची चाचणी निगेटिव्ह आली. तीन आठवड्यांनी, बाळ ठणठणीत असताना, सकाळी सगळे दवाखान्यात आले. आजींनी दाणे भाजून, सालं काढून, कूट अगदी गंधासारखं वाटून आणलं होतं. अख्खा दाणा किंवा भरड कूट घशात अडकतं, म्हणून हे सांगून ठेवलं होतं. मी ते कोमट पाण्यात पातळ केलं आणि चमच्याच्या टोकावर घेऊन दिलं. दहा मिनिटं थांबलो. मग उरलेलं, हळूहळू.

दोन तास आम्ही तिच्या ओठांकडे पाहत होतो. अ‍ॅड्रिनलिन भरून टेबलावर ठेवलं होतं, त्याला हात लावावा लागला नाही. ती आईच्या मांडीवर झोपून गेली.

"आठवड्यातून तीनदा, न चुकता," मी सांगितलं. आजींनी डबा बंद करताना विचारलं, "आणि तीळ कधी आणू?"