पट्टा शेरूच्या बाबांच्या गळ्यात

पुण्यातल्या टेकड्यांवर माणसांची ओळख कुत्र्यांमार्फत होते. त्यामुळे या गृहस्थांचं नाव मला ठाऊक नाही. ते शेरूचे बाबा. शेरू म्हणजे भरदार अंगाचा जर्मन शेफर्ड. वेताळ टेकडीवर खाणीच्या बाजूला तो मोकळा हिंडत असतो आणि त्याचा पट्टा बाबांच्या गळ्यात, मफलरसारखा.

आमची चिंगी गावठी, अंगानं लहानखुरी. पायवाटेच्या वळणावर शेरू समोर आला की आधी थबकतो. मान खाली, नजर रोखलेली, पाठीवरचे केस उभे. शेपूट ताठ वर, त्याचं टोक तेवढं हलतंय. आणि मागून बाबांचा प्रसन्न आवाज, "घाबरू नका, काही करत नाही तो. बघा, शेपूट हलवतोय!"

खुशीत असलेल्या कुत्र्याचं शेपूट सैल असतं, त्याच्याबरोबर अख्खी कंबर हलते. हे तसलं हलणं नव्हे. चिंगीला ते लगेच कळतं. बाबांना इतकी वर्षं शेरूबरोबर राहून कसं कळत नाही, कोण जाणे.

खरी पंचाईत चिंगीची होते. समोर दांडगट दिसला की शहाणं कुत्रं वाट बदलून निघून जातं. पट्ट्यातल्या कुत्र्याला तेवढंही करता येत नाही, मग उरतं भुंकणं. त्यात माझा हात नकळत पट्टा आखडतो, तो ताण तिच्या गळ्याशी पोचतो आणि तिची खात्रीच पटते की काहीतरी भयंकर घडणार आहे. म्हणजे नियम पाळायचे आम्ही, बोंब आमच्याच घरची, आणि शेरू एक शब्द न काढता अंगावर येतोय. निकाल ठरलेला असतो. "तुमचीच जरा जास्त भुंकते हो!"

कायदा आहे. आपल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये याची काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माणसाच्या जिवाला, बरं का. चिंगीचा कान त्यात बसत नाही. मार्च 2024 मध्ये केंद्रानं 23 'धोकादायक' जातींवर बंदी आणायला सांगणारं पत्रक काढलं, कर्नाटक उच्च न्यायालयानं ते एप्रिलमध्ये रद्द केलं. त्या यादीत जर्मन शेफर्ड नव्हताच. आणि बाबा कुठल्या यादीत घालायचे? शिवाय ज्यांना रोज नमस्कार करतो त्यांच्यासाठी सकाळी सात वाजता चौकी गाठायचं धाडस माझ्यात नाही.

तेव्हा उपाय आपले आपणच. पळायचं नाही. चिंगीला पलीकडच्या बाजूला घेऊन, नजरेला नजर न देता तिरकं निघून जायचं. तिला उचलून घ्यायचा मोह फार होतो, पण मग उडी थेट आपल्या छातीवर येते. पावसाळ्यात छत्री कामाला येते. झटकन उघडली की शेरूसुद्धा दोन पावलं मागे सरतो. जुंपलीच तर मध्ये हात घालायचा नाही. दात लागलाच तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायला जायचं. "त्याची सगळी इंजेक्शनं झालीत हो" हे ऐकून घरी यायचं नाही.

पण सगळ्यात गुणकारी निघाली ती बिस्किटं. शेरू चाल करून आला तेव्हा मी खिशातला चुरा मूठभर त्याच्या पुढ्यात भिरकावला. स्वारी गुरगुरणं विसरून गवत हुंगायला लागली आणि आम्ही दोघी सटकलो. मागून बाबा धावत आले. त्यांना असं धावताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"अहो, काय हे! असं काहीही खायला घालायचं नाही त्याला. गव्हाची ॲलर्जी आहे, रात्रभर खाजवत बसतो!"

"तो जवळ आला की मला दुसरं काही सुचत नाही हो," मी म्हटलं. ते खरंच होतं.

आता मी लांबून दिसले की बाबा गळ्यातला पट्टा काढून शेरूला अडकवतात. चिंगीही हल्ली कमी भुंकते. परवा समोरासमोर आलो तेव्हा त्यांनी पट्टा दोन्ही हातांनी धरून विचारलं, "आज खिशात काही नाही ना?"

"आहे ना," मी म्हटलं.