पंचेचाळीस मिनिटांचा मोल्ड

ठाणे-बेलापूर रस्त्यालगत रबाळे एमआयडीसीतील एका प्लास्टिक मोल्डिंग कारखान्यात मी प्रॉडक्शन इंजिनिअर होतो. मशीनवरचा एक मोल्ड, म्हणजे साचा, उतरवून दुसरा चढवायला सरासरी 45 मिनिटे लागतात असे आमचे रजिस्टर सांगत असे, आणि तरीही दिवसाचे उत्पादन ठरल्यापेक्षा कमीच भरत असे. अखेर एका मंगळवारी मी स्टॉपवॉच घेऊन नायलॉनच्या मशीनपाशी उभा राहिलो.

मोल्ड बदलणारा सेटर जुना, मुरलेला माणूस. घड्याळाकडे पाहून त्याने विचारले, "साहेब, हे माझ्यावर लावलंय की मोल्डवर?" प्रश्न रास्त होता, कारण घड्याळ दिसले की माणूस एकतर घाई करतो, नाहीतर हात आखडतो. मी त्याला वही दाखवली. तिच्यात नाव लिहायला रकानाच नव्हता.

जुन्या मोल्डचा शेवटचा चांगला नग 9 वाजून 12 मिनिटांनी पडला आणि नव्या मोल्डचा पहिला नग क्वालिटीकडून मंजूर होऊन आला तेव्हा 11 वाजून 26 मिनिटे झाली होती. म्हणजे 134 मिनिटे. त्यातली प्रत्यक्ष खोल-बांधणीची, म्हणजे जुना मोल्ड खोलून नवा बांधण्याची, मिनिटे 41 होती. रजिस्टर खोटे नव्हते, ते फक्त पाना हातात असतानाचाच वेळ मोजत होते. क्रेन दुसऱ्या मशीनवर अडकल्याने 22 मिनिटे गेली, मोल्ड उचलायचा कडीवाला बोल्ट, म्हणजे आयबोल्ट, शोधण्यात 17, आणि थंडगार मोल्ड 80 अंशांपर्यंत तापेस्तोवर 28. उरलेली 26 मिनिटे तो पहिला नग क्वालिटीच्या टेबलावर नुसता पडून होता, कारण तपासनीस दुसऱ्या शेडमध्ये गेला होता.

मशीन थांबवूनच करावी लागणारी कामे आणि मशीन चालू असतानाच उरकता येणारी कामे वेगळी काढावीत, ही जपानी अभियंता शिगेओ शिंगो यांची पद्धत मला पुस्तकातून पाठ होती. आयबोल्टच्या शोधात सेटरच्या मागे शेडभर फिरलो, तेव्हा ती समजली. त्यानंतर आम्ही पुढचा मोल्ड आधीच मशीनशेजारी आणून तापवू लागलो, क्रेनची वेळ सकाळीच ठरवू लागलो आणि बदल सुरू होताच तपासनिसाला फोन करू लागलो. खर्च म्हणावा तर एका ट्रॉलीचा.

खरी पंचाईत महिन्याच्या अहवालात झाली. नव्या मोजणीमुळे आलेखातली रेघ 45 वरून थेट 130 च्या पुढे गेली आणि सुधारणा करायला नेमलेल्या माणसाने काम बिघडवले, असाच तिचा अर्थ लावला गेला. जुनी व नवी मोजणी शेजारी छापून मी अर्धा तास बाजू मांडली. साहेबांना ती पटली असे मला आजही वाटत नाही. दोन महिन्यांनी त्याच मशीनवर आकडा 61 वर आला. त्यातली खोल-बांधणी 38 मिनिटांची, म्हणजे जवळपास पूर्वीइतकीच होती.

आयबोल्ट मात्र सेटरने स्वतःच पिवळ्या रंगाने रंगवले आणि साखळीने ट्रॉलीला बांधून टाकले.