हरवलेल्या माणसाची फाईल

मे महिन्यात दुपारी १२ ते ५ शहाणा नागपूरकर घराबाहेर पडत नाही. कूलरच्या टाकीत पाणी भरायचं, ताट्या नीट भिजल्या की पडदे ओढायचे आणि एखादा लांबलचक सिनेमा लावायचा. अशा दुपारसाठी ‘अ व्हेरी लाँग एंगेजमेंट’ हा २००४ चा फ्रेंच सिनेमा फार सोयीचा. बाहेर पारा ४५ वर, आणि पडद्यावर पाऊस, धुकं, खंदकात गुडघाभर चिखल.

गोष्ट पहिल्या महायुद्धातली. जानेवारी १९१७, फ्रान्समधली सॉमची आघाडी. लढाईतून सुटका व्हावी म्हणून स्वतःच जखम करून घेतली, असा ठपका ठेवलेल्या पाच फ्रेंच शिपायांना दोन्ही फौजांच्या मधल्या उघड्या माळावर सोडून देतात. त्यातला सगळ्यात लहान मानेक. त्याची होणारी बायको मातिल्द लहानपणीच्या पोलिओमुळे लंगडत चालते. सरकार म्हणतं, पाचही गेले. ती म्हणते, कागद दाखवा.

आपल्याकडच्या युद्धपटात नायिकेला काम फार कमी. स्टेशनवर हात हलवायचा, खिडकीत उभं राहायचं, पत्र आलं की छातीशी धरायचं. मातिल्द वर्तमानपत्रात जाहिरात देते, खाजगी गुप्तहेर लावते, परत आलेल्या शिपायांना गाठून तोच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारते, आणि समोरचा दाद देत नसेल तर दया यावी म्हणून चाकाच्या खुर्चीत बसून जाते. नझूलच्या, म्हणजे सरकारी जमिनीच्या, प्लॉटचा फेरफार करायला निघालेला माणूस या टेबलावरची नक्कल त्या टेबलावरच्या नोंदीशी ताडून बघतो, तशी ती जबान्या ताडून बघते. तिलाही तेच कळतं. नोंद पक्की असते, खरी असेलच असं नाही.

बघताना हाताशी कागद-पेन ठेवावं. पहिल्या पंधरा मिनिटांत पाच जण पुढे येतात, सगळ्यांचे कोट सारखे, चेहरे चिखलाने आणि दाढीने झाकलेले, शिवाय खाली सबटायटलच्या पट्ट्या भराभर पळतात. इथेच निम्मे लोक गळतात आणि मग तासाभराने ‘हा कोण होता?’ विचारत बसतात. सुतार, वेल्डर, शेतकरी, वेश्यांचा दलाल आणि मानेक अशी पाच नावं उभी लिहावीत. समोर जखम कशी झाली, पायात बूट कोणाचे, हातात मोजा आहे का, एवढं टिपावं. पुढचं सगळं कोडं त्या बुटा-मोज्यांवर उभं आहे.

जखमेचा मामलाही बारकाईने बघण्यासारखा. बंदूक हाताला टेकवून झाडली की कातडीवर दारूचे काळे डाग उठतात, आणि लष्करी कोर्टाला तेवढा पुरावा पुरतो. म्हणून कोणी मध्ये वाळूचं पोतं धरून गोळी झाडायचे. मानेकची युक्ती वेगळी. पेटती सिगारेट धरलेला हात तो खंदकाबाहेर वर करतो आणि पलीकडच्या जर्मनाच्या नेमबाजीवर भरवसा ठेवतो. डाग नाही, तरी शिक्षा चुकत नाही.

मातिल्दचा हिशेबी स्वभाव एका ठिकाणी सुटतो. मानेकला घेऊन मोटार निघते तेव्हा ती मनाशी पैज लावते: मोटारीच्या आधी मी वळणावर पोचले तर तो जिवंत परत येईल. आणि ती आडवाटेने, लंगडा पाय ओढत, धापा टाकत पळत सुटते. पोचते की नाही ते इथे सांगणं बरं नव्हे. युद्धपटांतल्या कितीतरी रणगाड्यांपेक्षा ही धाव जड आहे.

प्रत्यक्षातला शोध याहून संथ चालायचा. लढाईनंतर हजेरी व्हायची. ओ न देणारा आणि दवाखान्याच्या यादीतही नसलेला शिपाई बेपत्ता धरला जाई, आणि घरी छापील फॉर्म जाई. मग रेड क्रॉसचे लोक नावांच्या याद्या घेऊन हॉस्पिटलात खाटेखाटेशी जात आणि त्याच तुकडीतल्या जखमींना विचारत. इंग्रज कादंबरीकार इ. एम. फॉर्स्टर इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात हेच काम करत. पुढे ते देवासच्या मराठा दरबारात येऊन राहिले. जबान्या हमखास चुकायच्या. एका आडनावाचे दोघे निघायचे, ऐकीव गोष्ट डोळ्यांनी पाहिली म्हणून सांगितली जायची. सगळ्यात घोळ घालायचा तो दयाळू साक्षीदार. ‘लगेच गेला हो, त्रास झाला नाही,’ असं आईसाठी ठोकून द्यायचा आणि तेच फाईलला चिकटायचं.

बिल्ल्यांची कथा आणखी अजब. ब्रिटिश फौजेत १९१६ पर्यंत शिपायाजवळ ओळखीचा एकच बिल्ला असे. मृत्यूची नोंद करायला तो काढून न्यायचा, आणि तेवढ्यानेच मागे उरलेलं प्रेत निनावी व्हायचं. मग दोन आले, लाल गोल आणि हिरवा अष्टकोनी. लाल न्यायचा, हिरवा अंगावर ठेवायचा. पण ते दाबलेल्या तंतूंचे, ओल्या मातीत कुजणारे. सॉमजवळच्या थीपवालच्या स्मारक-कमानीवर ७२ हजारांहून जास्त नावं कोरलेली आहेत, कारण त्यांच्या नावाची कबर सापडली नाही.

नागपूरहून पेंचला जाताना देवलापार ओलांडलं की पाट्यांवर मोगली दिसायला लागतो. त्या मोगलीचे जनक किपलिंग. डोळे अधू म्हणून नाकारलेल्या आपल्या मुलाला त्यांनीच ओळखी लावून सैन्यात घातलं. सप्टेंबर १९१५ मध्ये फ्रान्समधल्या लूसच्या लढाईत १८ वर्षांचा जॉन बेपत्ता झाला. किपलिंग पती-पत्नी हॉस्पिटलं पालथी घालत, त्याच्या रेजिमेंटमधल्या शिपायांना विचारत फिरले. १९३६ मध्ये किपलिंग वारले, तोवर पत्ता लागला नव्हता. १९९२ मध्ये एका कबरीवर जॉनचं नाव लागलं, आणि ती त्याचीच का यावर अभ्यासक अजून भांडतात.

किपलिंग यांच्या हातात निदान नाव होतं. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मराठा पलटणी लढल्या, कूटच्या वेढ्यात अडकल्या. तिकडच्या मृतांसाठी बसऱ्याला जे स्मारक झालं, त्यावर ब्रिटिश शिपायांची नावं कोरली आणि हिंदी शिपायांचा फक्त आकडा. राष्ट्रकुलाच्या युद्धकबरींच्या आयोगाने (CWGC) २०२१ च्या अहवालात अशा भेदभावाची कबुली दिली. म्हणून घरातला कोणी तेव्हा गेला असेल तर आयोगाच्या संकेतस्थळावर आधी पलटण आणि शिपाई क्रमांक टाकून बघावं. नाव टाकायचंच तर इंग्रजी स्पेलिंग पाच-सहा तऱ्हांनी बदलावं, कारण कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय. आडनाव असेलच असं नाही. बापाचं नाव, गाव आणि तालुका जुळला तरच माणूस आपला धरावा.